तारेच्या पत्त्यापासून डॉट इनपर्यंत : नावाची एक नाशिककर गोष्ट

या भागाची सुरुवात एका फोनने करते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या काकांचं नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेचं दुकान आहे. एका दुपारी पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. माणूस घाबरत घाबरत विचारत होता, "काका, तुम्ही भांडी बंद करून रमी सुरू केली का हो?"

काकांना कळेचना. मग दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, मोबाईलवर दुकानाची वेबसाईट उघडली. जिथे घंगाळं, समया आणि परातींचे फोटो असायचे, तिथे पत्ते, नाणी आणि "आत्ता खेळा" असं लिहिलेली लाल बटणं नाचत होती. पत्ता तोच. अक्षर न् अक्षर तेच. फक्त घर दुसऱ्याचं झालं होतं.

झालं काय होतं, ते शेवटी सांगते. आधी जरा मागे जाऊ या. कारण "वेबसाईटला नाव काय द्यावं" हा प्रश्न आपल्याला अगदी नवा वाटतो, पण तो माझ्या आजोबांनाही पडला होता. आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटर सोडा, दुकानात फोनसुद्धा नव्हता.

आजोबांचा एक शब्दाचा पत्ता

काकांच्या गल्ल्याखालच्या कप्प्यात दुकानाचे जुने लेटरहेड आहेत. पिवळे पडलेले. वर दुकानाचं नाव, खाली पत्ता, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ : "तार : घंगाळ, नाशिक".

मी लहानपणापासून ती ओळ बघत आले, पण मला वाटायचं ती जाहिरात आहे. तांब्याच्या तारेचं घंगाळ वगैरे. काका हसून हसून बेजार झाले. ती तार म्हणजे टेलिग्राम!

तारेला पैसे शब्दांवर लागायचे, आणि पत्त्यातले शब्दही त्यात मोजले जायचे. म्हणजे दुकानाचं लांबलचक नाव, गल्ली, बाजार, शहर असं सगळं लिहिलं तर निरोपाआधी पत्त्याचंच बिल व्हायचं. म्हणून व्यापारी लोक तार ऑफिसात वर्षाची फी भरून एक छोटा शब्द नोंदवायचे. त्या ऑफिसात तो शब्द मग दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याने तारेवर "घंगाळ, नाशिक" एवढंच लिहिलं, की नाशिकचा तारवाला सायकल घेऊन थेट आमच्या दुकानात.

आता हे नीट बघा. छोटा शब्द. एका ठिकाणी एकालाच मिळणार. दरवर्षी पैसे भरायचे, नाहीतर शब्द जाणार. उच्चारायला, लिहायला सोपा हवा, कारण मध्ये बसलेल्या तारमास्तरची एक चूक झाली तर माल भलतीकडे. मंडळी, हे डोमेन नेम नाही तर काय आहे? आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तिची ही युक्ती तोपर्यंत इंटरनेटवर कधीच राहायला गेली होती.

नावं खूप, आकडे खात्रीचे

पत्त्यातली दुसरी अडचण म्हणजे एकाच नावाची अनेक गावं, आणि एकाच गावाची अनेक स्पेलिंगं. पोस्टाला हा त्रास रोजचा. त्यावर उपाय काढला एका मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ते केंद्रात दळणवळण खात्यात मोठे अधिकारी होते, आणि संस्कृतमध्ये लिहिणारे लेखकही. त्यांनी आखलेला पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. सहा आकडे : पहिला मोठ्या विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. नाशिकचं मुख्य पोस्ट ४२२००१, पंचवटी ४२२००३, नाशिक रोड ४२२१०१. पाकिटावर नाव कुठल्याही लिपीत असो, आकड्यांनी पत्र पोचतं.

साधारण त्याच काळात अमेरिकेत कॉम्प्युटर एकमेकांना जोडले जात होते, आणि तिथे नेमका उलटा त्रास होता. मशीनना आकडे हवे होते, माणसांना नावं. कुठलं नाव म्हणजे कुठला आकडा, याची एकच मोठी यादी होती. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची टीम सांभाळायची. नवा कॉम्प्युटर जोडायचा तर त्यांना कळवायचं, मग त्या यादीत नाव लिहिणार. सगळ्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीसारखं! दहा बिल्डिंगपर्यंत ठीक आहे, पण शहरच वसलं तर एक वही पुरणार कशी?

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी त्यावर डोमेन नेम सिस्टीम आखली. कल्पना आपल्या पत्त्यासारखीच. एकच वही ठेवायची नाही. गावाची वही गावात, पेठेची वही पेठेत. आपण पत्ता लिहितो तेव्हा घर, गल्ली, पेठ, गाव असं छोट्याकडून मोठ्याकडे जातो. वेबसाईटचा पत्ताही तसाच : आधी तुमचं नाव, मग डॉट, मग डॉट कॉम किंवा डॉट इन, म्हणजे तुमचं "गाव". आणि पोस्टमन जसा आधी गाव बघतो आणि मग घर, तसा कॉम्प्युटरही पत्ता उजवीकडून वाचत येतो.

पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं : सिम्बॉलिक्स डॉट कॉम, अमेरिकेतली एक कॉम्प्युटर बनवणारी कंपनी. तेव्हा नाव फुकट मिळायचं, आणि तरी कुणाला नको होतं. इतकं, की १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर नावाच्या पत्रकाराने मॅकडॉनल्ड्स डॉट कॉम स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि त्यावर लेख लिहिला! शेवटी कंपनीने एका शाळेच्या इंटरनेटसाठी देणगी दिली आणि नाव परत घेतलं. १९९५ पासून नावांना फी लागू झाली. नावाला किंमत असते, हे जगाला कळायला दहा वर्षं लागली.

डॉट इनचं घर मुंबईत

भारताचा डॉट इन १९८९ मध्ये तयार झाला. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याच्या सहा वर्षं आधीच आपली पाटी तयार होती, बरं का! तिचा कारभार मुंबईत जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होता. पण नियम इतके कडक, की २००४ पर्यंत जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला निक्सी या संस्थेकडे कारभार आला, नियम सैल झाले आणि मग आपल्या गल्लीतल्या दुकानालाही डॉट इन मिळायला लागलं.

नावावरून भांडणंही मुंबईतच कोर्टात गेली. रेडिफ तुम्हाला आठवत असेल, निदान तुमच्या आईबाबांचा पहिला ईमेल तिथला असेल. तर कुणीतरी "रॅडिफ" अशा वाचनाचं नाव नोंदवलं, एका अक्षराचा फरक. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नेम म्हणजे नुसता पत्ता नव्हे. त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळायला हवं. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. तिथे भांडण होतं "सिफी" आणि "सिफीनेट" यांचं. सत्यम इन्फोवे या दोन शब्दांतून जुळवलेलं सिफी हे नाव, आणि दुसऱ्याने त्यात एक एफ जास्त घालून नाव घेतलेलं. एका अक्षरासाठी दिल्लीपर्यंत!

गंमत म्हणजे ज्या कोर्टाने रेडिफचा निकाल दिला, त्याच्या स्वतःच्या वेबसाईटच्या नावात अजून "बॉम्बे" आहे. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, कोर्टाचं अधिकृत नाव नाही.

आपल्या शहराचं स्पेलिंग काय?

आता नाशिककरांनो, कान इकडे करा. तुमच्या शहराचं इंग्रजी स्पेलिंग काय? मध्ये एच आहे की नाही?

१८८३ च्या इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये एच नाही : "नासिक". जुनी तिकिटं जमवणारे लोक आजही आपल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या तिकिटांना "नासिक प्रिंटिंग" म्हणतात. आपण बोलतो मात्र नाशिक, आणि जिल्ह्याची सरकारी वेबसाईट एच घालून आहे. मग खरं कुठलं? पांडवलेण्यांवर जा. कण्ह या सातवाहन राजाच्या काळातल्या शिलालेखात एका अधिकाऱ्याचा उल्लेख आहे, तो नासिकचा. दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं नाव, आणि त्यात स आहे, श नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने नोंदवलं तेही "नासिका". मुघलांनी नाव बदलून गुलशनाबाद केलं. ते गेलं, जुनं परत आलं. सिंहस्थाला येणारे लोक शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट सांगतात, काही जण नऊ शिखरांची सांगतात. नाव एक, गोष्टी दोन, स्पेलिंगं दोन.

इतिहास म्हणून हे सगळं गोड आहे. पण धंद्यासाठी? वेबसाईटच्या नावात शहर घातलंत तर अर्धे लोक एच घालणार, अर्धे नाही घालणार. घालायचंच असेल तर दोन्ही नावं घ्या, आणि एक दुसऱ्याकडे वळवा.

अजून एक किस्सा. आपल्या महापालिकेच्या वेबसाईटचं नाव आहे एनएमसी डॉट गव्ह डॉट इन. छोटं, सुटसुटीत. पण एनएमसी म्हणजे नागपूर महानगरपालिका पण ना! ती १९५१ ची, आपली १९८२ ची. वयाने नागपूर थोरलं, पण ही तीन अक्षरं नाशिककडे आहेत. नागपूरला एनएमसीपुढे स्वतःचं नाव जोडावं लागलं. आणि डॉक्टर होऊ घातलेली मुलं एनएमसी म्हणतात ती तर तिसरीच संस्था, नॅशनल मेडिकल कमिशन. तिचं नाव डॉट ओआरजी डॉट इनवर. घरपट्टी भरायला निघालेला माणूस मेडिकल कॉलेजांच्या यादीवर पोचू शकतो. म्हणून आद्याक्षरांचं नाव दिसायला भारी, पण तुमच्यासारखी आद्याक्षरं किती जणांची आहेत ते आधी बघा.

मग रमीचं काय झालं?

आता काकांच्या दुकानाकडे. वेबसाईट बनवून दिली होती ओळखीतल्या एका माणसाने. काम चांगलं केलं होतं. पण नाव नोंदवताना मालक म्हणून त्याने स्वतःचंच नाव आणि स्वतःचाच ईमेल टाकला. काकांना वाटलं, पैसे दिले म्हणजे नाव आपलं. पुढे तो माणूस दुसऱ्या शहरात गेला, ईमेल बदलला. नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. मुदत संपली, सवलतीचे दिवस संपले, नाव मोकळं झालं आणि टपून बसलेल्या कुणीतरी ते उचललं. दुकानाच्या जुन्या पुण्याईवर रमी चालू झाली.

डोमेन नेमची मालकी नसते, तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. भाडं चुकलं की सामान बाहेर. हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टसुद्धा हॉटमेलचं ब्रिटनमधलं नाव नूतन करायला विसरली होती! एका भल्या माणसाने ते घेऊन परत दिलं म्हणून निभावलं. आम्हाला तसा भला माणूस भेटला नाही. विचारणा केली, तर किंमत अशी सांगितली की काकांनी चष्मा काढून ठेवला.

पैशापेक्षा काकांना दुसरंच लागलं होतं. ते म्हणाले, "अण्णांनी तारेच्या शब्दाची फी एक वर्षही चुकवली नाही. धंदा मंदीत होता तेव्हासुद्धा नाही. आणि माझ्या हातून नाव गेलं."

काका त्यानंतर वेबसाईटचं नाव काढू देत नव्हते. पण आता २०२७ चा कुंभ डोक्यावर आहे. गंगेवर लाखो माणसं येणार, त्यातली कित्येक जण मोबाईलवर शोधून दुकानात येणार. आणि प्रयागराजला २०२५ च्या कुंभाआधी पोलिसांना खोट्या बुकिंग वेबसाईटपासून सावध राहा असं सांगावं लागलं होतं. म्हणजे आपलं नाव आपण घेतलं नाही, तर आपल्या नावाने दुसरा कुणी दुकान मांडेल. हे काकांना पटलं.

फोनवरची परीक्षा

मागच्या महिन्यात आम्ही तिघं दुकानात बसलो. मी, दादा आणि काका. काकांची एकच इच्छा होती : आजोबांचाच शब्द, घंगाळ.

दादा म्हणाला, "ठीक आहे, पण परीक्षा घेऊ." परीक्षा सोपी. दहा ओळखीच्या लोकांना फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं, आणि त्यांना इंग्रजी अक्षरांत टाईप करून मेसेज करायला सांगायचं. स्पेलिंग सांगायचं नाही.

निकाल आला. कुणी शेवटी एक ए लिहिला, कुणी दोन. कुणी ए ऐवजी यू. ळ चा तर इंग्रजीत एल होतो, त्यामुळे आत्याने आलेलं नाव वाचून विचारलं, "हे घंगाल काय आहे?" समई घेतली तर तिची चार रूपं झाली. दिवा लिहायला व्ही की डब्ल्यू यावर दोघांनी आम्हालाच उलट विचारलं. आपली मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा एकच नियम नाही, त्यामुळे आपल्या नावांना ही कसोटी लावावीच लागते.

मग काकाच म्हणाले, "तपेली बघा." दहापैकी नऊ जणांनी एकसारखं लिहिलं. दहावे आमचे शेजारी, त्यांनी मेसेजमध्ये तपेलीचा भाव विचारला.

तर तपेली, आणि त्याला जोडून आमचं आडनाव, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या नावाशी घोळ नको. डॅश नाही, आकडा नाही. घेण्याआधी त्या नावाचा कुणाचा ट्रेडमार्क आहे का ते तपासलं. डॉट इन घेतलं, आणि डॉट कॉमही, कारण लोकांची बोटं सवयीने तिकडेच जातात. नोंदणीत मालक म्हणून काकांचं नाव, काकांचा ईमेल, काकांचा फोन. पासवर्ड काकांच्या डायरीत. मुदत दहा वर्षं, आणि तारीख दुकानातल्या कालनिर्णयवर लाल पेनने. कालनिर्णय दरवर्षी बदलतं, म्हणून ती तारीख दर दिवाळीला नव्यावर उतरवायची, असं ठरलं आहे.

आणि घंगाळ? ते सोडलं नाही. ऑगस्ट २०१४ पासून आपल्याला देवनागरीत डॉट भारत मिळतं. आत मशीन त्याचं काहीतरी विचित्र करते. "भारत" हा शब्द तिच्या पोटात एक्सएन, दोन डॅश आणि एच२बीआरजे९सी असा असतो! पण माणसाला दिसतं ते स्वच्छ मराठी. खरं सांगते, अजून सगळीकडे ते चालत नाही. कित्येक फॉर्म असा पत्ता घेतच नाहीत, म्हणून धंद्याचा मुख्य पत्ता तो ठेवला नाही. पण आजोबांचा शब्द त्यांच्याच अक्षरांत, ळ सकट, तिथे लावला आणि नव्या वेबसाईटकडे वळवला.

देवनागरीत तरी चूक होणार नाही, असं आम्हाला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी पंचवटीतल्या एका आजींनी टाईप केलं "गंगाळ". त्यांचं चूक म्हणवत नाही, कित्येक घरांत तसंच म्हणतात. आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, मग पाणी तापवायचं भांडं गंगाळच असणार! काका जोरात हसले. त्या रमीच्या फोननंतर वेबसाईटच्या विषयावर ते पहिल्यांदाच हसत होते. म्हणाले, "तेही घेऊन टाका."

तर मंडळी, आज एवढं एक काम करा. तुमच्या घरात कुणाचं दुकान, क्लास, क्लिनिक, शेतमालाची वेबसाईट असेल, तर विचारा : नाव कुणाच्या नावावर आहे, आणि मुदत कधी संपते? उत्तर "त्या मुलाला माहीत असेल" असं आलं, तर त्या मुलाला आजच फोन लावा.